लुसीच्या गावी : जेम्सटाउनचं संग्रहालय, दोन पुतळे आणि एक बाटली

नायगाराला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम ठरलेला असतो. धबधबा, बोट, रात्रीची रोषणाई, बफेलोत एक मुक्काम आणि परत. त्यात एक दिवस वाढवता आला, तर बफेलोपासून नैऋत्येला साधारण ७५ मैलांवरचं जेम्सटाउन बघून यावं. ल्युसिल बॉलचं हे जन्मगाव. 'आय लव्ह लुसी' या १९५०च्या दशकातल्या अमेरिकन विनोदी टीव्ही मालिकेतली ही नटी २६ एप्रिल १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये गेली, तेव्हा ती ७७ वर्षांची होती. आठच दिवस आधी हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. ती रुग्णालयात असताना समोरच्या हार्ड रॉक कॅफेने बाहेर 'हार्ड रॉक लव्ह्ज लुसी' असा फलक लावला होता. तिच्या गावाने पुढे तिच्या नावाचं संग्रहालय काढलं, १९९६ मध्ये. आज त्याचं नाव ल्युसिल बॉल देसी आर्नाझ म्युझियम. देसी हा तिचा नवरा, मालिकेतही आणि खऱ्या आयुष्यातही.

आधी एक स्पष्ट सांगायला हवं. मालिकेचा एकही भाग पाहिला नसेल, तर हे संग्रहालय अर्ध्या तासात संपतं आणि कंटाळा येतो. काचेआड कपडे, पारितोषिकं, जुनी पत्रं, फोटो. ज्याला ती बाई ठाऊक नाही, त्याला झगा हा झगाच दिसणार. म्हणून आदल्या रात्री हॉटेलवर निदान दोन भाग बघाच. पहिला 'लुसी डझ अ टीव्ही कमर्शियल' (५ मे १९५२), दुसरा 'जॉब स्विचिंग' (१५ सप्टेंबर १९५२). प्रत्येकी अर्धा तासही लागत नाही. पहिल्यात ती टॉनिकची जाहिरात करते, दुसऱ्यात चॉकलेटच्या कारखान्यात सरकपट्ट्यासमोर उभी राहते. वेळ असेल तर द्राक्षं तुडवण्याचा 'लुसीज इटालियन मूव्ही'. इंग्रजी झरझर न समजणाऱ्या आईवडिलांनाही हे तीन भाग अडत नाहीत, कारण काम सगळं तोंडाचं, हाताचं आणि पायाचं आहे.

हे भाग पाहून गेलात की संग्रहालयाचा रंग बदलतो. सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो टॉनिकच्या टेबलाला. व्हायटामीटाव्हेजामिन असं त्या औषधाचं नाव. व्हिटॅमिन, मीट, व्हेजिटेबल आणि मिनरल या चार शब्दांचे तुकडे जोडून बनवलेलं. मालिकेत त्यात २३ टक्के अल्कोहोल असतं आणि लुसीला ते ठाऊक नसतं. तालीम पुन्हा पुन्हा होते, दर वेळी चमचाभर पोटात जातं आणि शेवटी बाई झिंगते. चित्रीकरणात बाटलीत सफरचंदाचं पेक्टिन होतं. संग्रहालयात तसंच टेबल मांडलेलं आहे, समोर मजकूर दिसतो, आणि पाहुण्यांनी स्वतः ती जाहिरात करायची.

इथे बहुतेकांचं काय चुकतं? पहिल्या वाक्यापासूनच दारू प्यायल्यासारखं बोलायला लागतात. मग दहाव्या सेकंदाला सगळं संपतं, पुढे चढायला जिनाच उरत नाही. मूळ प्रसंग नीट पाहा. पहिली फेरी ती अगदी स्वच्छ, नेटकी करते. चमचा तोंडात गेल्यावर मात्र चव आवडली असं दाखवायचं असतं आणि चेहरा ऐकत नाही. ओठ हसतात, बाकीचा चेहरा पळ काढू बघतो. पुढच्या फेरीत नाव किंचित अडखळतं. त्याच्याही पुढे अक्षरांची अदलाबदल, मग चमच्याचा नेम चुकतो. नशा पायरी पायरीने चढते, आणि प्रत्येक पायरीवर ती आपण शुद्धीवर आहोत हे दाखवायची धडपड करत असते. हसू येतं ते त्या धडपडीला, नशेला नव्हे.

करून बघायचं असेल तर असं करा. नाव चार तुकड्यांत पाठ करा : व्हायटा, मीटा, व्हेजा, मिन. 'कच्चा पापड, पक्का पापड' सारखं आधी सावकाश, मग वेगाने. पहिल्यांदा सरळ म्हणा, एकही चूक न करता. दुसऱ्यांदा फक्त मधले दोन तुकडे उलटे करा. चमचा रिकामा असला तरी भरल्यासारखा, तोल सांभाळत तोंडापर्यंत न्या. घाईने नेलात तर बघणाऱ्याला तो रिकामा आहे हे लगेच कळतं. कॅमेरा धरणाऱ्याने जवळ जाऊन फक्त चेहरा घेऊ नये, हात आणि बाटलीही चौकटीत असू द्यावी. मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, कारण त्यांना वाईट चव लपवायचा सराव असतो.

यानंतर घराच्या नेपथ्याच्या प्रतिकृती बघा. रिकी (म्हणजे मालिकेतला नवरा, देसीची भूमिका) आणि लुसीचं न्यू यॉर्कमधलं बिऱ्हाड. मालिका कृष्णधवल, इथे मात्र रंग दिसतात आणि पुष्कळांना गंमत वाटते. खऱ्या सेटवर बऱ्याच गोष्टी करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांत रंगवलेल्या होत्या, म्हणजे पडद्यावर उजेड-अंधाराचा हिशोब आधीच पक्का. हे काम कार्ल फ्रॉइंडचं. 'मेट्रोपोलिस' या गाजलेल्या जर्मन मूकपटाचं छायाचित्रण करणाऱ्यांपैकी हा माणूस. त्याच्यापुढे अडचण मोठी होती : तीन कॅमेरे एकदम चालणार, समोर सुमारे तीनशे प्रेक्षक खुर्च्यांवर बसलेले. प्रत्येक कोनासाठी दिवे हलवत बसलं तर प्रेक्षक थंड पडतात आणि हशा मरतो. म्हणून त्याने वरून सगळीकडे सारखा उजेड पसरवला. नटांना नाटकासारखं सलग खेळता आलं आणि लोकांच्या खऱ्या हशावर पुढचं वाक्य कधी टाकायचं ते लुसीला ठरवता आलं. रंगमंचावर काम केलेल्या कोणालाही याचं मोल वेगळं सांगायला नको.

फिल्मवर का घेतलं, तेही तिथेच समजून घ्यावं. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यू यॉर्कहून थेट जायचे आणि दूरच्या भागात पडद्यावरून टिपलेली धुरकट प्रत दिसायची. लुसी आणि देसीला कॅलिफोर्निया सोडायचं नव्हतं. फिल्मचा खर्च जास्त, म्हणून त्यांनी स्वतःचं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात भागांची मालकी मागितली. ती मिळाली. त्या वेळी कोणाला तिची किंमत वाटली नव्हती. पुढे सीबीएसने, म्हणजे मालिका दाखवणाऱ्या वाहिनीनेच, तेच भाग लाखो डॉलर मोजून घेतले, त्या पैशाचा हातभार लागून या जोडप्याने आरकेओ या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीचा स्टुडिओ घेतला. आपल्याला आज ती हसताना दिसते याचं कारण हे. थेट प्रक्षेपण झालं असतं तर निम्मं काम हवेत विरलं असतं.

देसी आर्नाझचा भाग लोक भराभर ओलांडतात. क्यूबातून आलेला हा गायक, ढोल वाजवणारा, पडद्यावर सतत चिडणारा नवरा. प्रत्यक्षात सौदा आणि निर्मिती सांभाळणारा तोच. दोघांचा १९६० मध्ये घटस्फोट झाला, १९६२ मध्ये लुसीने त्याचा हिस्सा विकत घेतला आणि डेसिलू ही दोघांची निर्मिती कंपनी स्वतः चालवली. लेखकांची नावंही लक्षात ठेवा : जेस ऑपनहायमर, मॅडलिन प्यू, बॉब कॅरोल. यातली मॅडलिन धडपडीचे प्रसंग आधी स्वतः करून बघायची, बाईमाणसाला ते जमतं की नाही याची खात्री करायला. ज्याला आपण लुसीची उत्स्फूर्तता म्हणतो, तिच्यामागे इतकी ठोकाठोक आहे. लुसी तालमीबाबत फार कडक होती.

जवळच नॅशनल कॉमेडी सेंटर आहे, २०१८ मध्ये उघडलेलं. सुरुवातीला तुम्हाला कोणता विनोद आवडतो ते विचारून मनगटाला पट्टा देतात आणि पुढची दालनं त्यानुसार बोलतात. यंत्रं उत्तम, जागा मोठी. पण तिथला बराचसा मजकूर अमेरिकन स्टँड-अपचा. जॉर्ज कार्लिनसारखे तिकडचे विनोदवीर कोण हे ज्याला माहीत नाही, तो तीन तास पाय दुखवून घेईल. तळघरातलं दालन प्रौढांसाठीचं आहे, तिथे सासूबाईंना घेऊन उतरण्याआधी विचार करा. वेळ अर्धाच दिवस असेल तर हे सोडा आणि फक्त लुसीचं संग्रहालय करा.

त्याऐवजी गाडी काढून सेलोरॉनला जा. जेम्सटाउनला लागूनच, शटाक्वा तळ्याकाठचं हे गाव, लुसीचं बालपण इथलं. उद्यानात तिचे दोन पुतळे आहेत. पहिला २००९ चा, हातात टॉनिकची बाटली आणि चमचा. चेहरा इतका भेसूर की 'स्केरी लुसी' हेच त्याचं नाव पडलं आणि लोकांनी तो हटवायची मोहीम काढली. दुसरा कॅरोलिन पामरचा, ६ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे तिच्या जन्मदिवशी उभा राहिला. ठिपक्यांचा झगा, गळ्यात मोती, प्रसन्न चेहरा. जुना फेकला नाही, त्याच उद्यानात थोडा बाजूला नेला.

दोन्ही पाहाच, आणि एकापाठोपाठ. नवा देखणा आहे, पण त्यात कोणतीही देखणी बाई चालली असती. जुन्याची गत वेगळी. चव तोंडात गेली आणि अजून हसू टिकवायचंय, तो पाव सेकंद त्यात ब्राँझमध्ये धरायचा प्रयत्न आहे. पडद्यावर तो क्षण येतो आणि पुढच्या क्षणात सुटतो, म्हणून हसू येतं. ब्राँझमध्ये तो सुटतच नाही, म्हणून भीती वाटते. शिल्पकाराने निवडलेला क्षण अचूक होता, माध्यम चुकलं.

व्यवहाराचं थोडं. बफेलोहून आय-९० ने पश्चिमेला, डंकर्क-फ्रेडोनियाला बाहेर पडून रस्ता ६० धरा, दीड तास. नायगाराच्या अमेरिकी बाजूने निघालात तर आणखी वीस-पंचवीस मिनिटं. कॅनडाच्या बाजूला मुक्काम असेल तर सोबतच्या आईवडिलांचा अमेरिकी व्हिसा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. नोव्हेंबर ते मार्च इथे ईरी सरोवरावरून येणारा बर्फ कोसळतो, बफेलोत ऊन असलं तरी रस्ता ६० वर चित्र वेगळं असतं, म्हणून मे ते ऑक्टोबर हाच काळ बरा. हंगाम संपला की वेळा बदलतात, निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या. ऑगस्टच्या सुरुवातीला विनोद महोत्सव भरतो, तेव्हा खोल्या महिनोन्महिने आधी घ्याव्या लागतात. शाकाहारी जेवणाची फार आशा धरू नका. दशम्या, चटणी, दहीभात डब्यात घ्या आणि सेलोरॉनच्या उद्यानात तळ्याकडे तोंड करून खा.

शेवटचा थांबा लेक व्ह्यू स्मशानभूमी. तिच्या अस्थी आधी लॉस एंजेलिसमध्ये होत्या, मुलांनी नंतर त्या इथे, आईवडील आणि आजीआजोबांजवळ आणल्या. दगडावर 'यूव्ह कम होम' (तू घरी आलीस) असं कोरलंय. आवार मोठं आहे, ठिकाण नकाशावर आधी शोधून ठेवा आणि उजेड असतानाच जा. लोक तिथे छोट्या वस्तू ठेवून जातात. तुम्हाला काही न्यायचं असेल तर फुलं न्या, चॉकलेट नको. मुंग्या लागतात.