इन्ग्रिड बर्गमनचे दोन डिस्क-संच: घ्यावेत का, आणि लावावेत कसे

स्वीडिश, जर्मन, इंग्रजी, इटालियन आणि फ्रेंच अशा पाच भाषांत काम केलेल्या इन्ग्रिड बर्गमनची (१९१५–१९८२) आपल्याकडची ओळख बहुधा ‘कॅसाब्लांका’पाशीच थांबते. त्यापलीकडची बर्गमन पाहायची तर क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क-कंपनीचे दोन संच आहेत. एक, दिग्दर्शक रोबेर्तो रॉसेलिनीबरोबरच्या तीन चित्रपटांचा ब्लू-रे संच. दुसरा, त्यांच्याच ‘एक्लिप्स’ मालिकेतला सहा स्वीडिश चित्रपटांचा डीव्हीडी संच. पहिला डोळे झाकून घ्यावा, प्लेअर मात्र डोळे उघडे ठेवून तपासावा.

कारण खरी अडचण तिथेच आहे. डिस्क आणि प्लेअर जगाच्या ठरावीक विभागांना (रीजन) बांधलेले असतात. हे ब्लू-रे अमेरिकेच्या ‘ए’ विभागाचे, आणि भारत येतो ‘सी’ विभागात. इथे घेतलेल्या साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये डिस्क घातली की पडद्यावर विभाग जुळत नसल्याची पाटी येते आणि विषय संपतो. डीव्हीडीचा विभाग बऱ्याच स्वस्त प्लेअरवर रिमोटच्या कोडने उघडतो, पण तो कोड ब्लू-रेला लागू पडत नाही. तेव्हा विकत घेताना ‘मल्टी-रीजन’ एवढं ऐकून समाधान मानू नका, ‘ब्लू-रेचा ए विभाग चालतो का’ असं स्पष्ट विचारा आणि दुकानातच एक डिस्क लावून पाहा. संगणकाच्या ड्राइव्हवर डीव्हीडीचा विभाग बदलता येतो, पण पाचच वेळा. पाचवा बदल झाला की ड्राइव्ह त्याच विभागावर कायमचा अडकतो.

मागवण्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेत जुलै आणि नोव्हेंबरात या डिस्कवर निम्म्या किमतीचा सेल असतो. नाशिकच्या दर दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी तिकडे असतंच, त्याच्या बॅगेतून आणवणं सगळ्यात सोपं. कुरिअरने मागवलं तर सीमाशुल्क आणि हाताळणीचा खर्च आधी विचारून घ्या.

आता ब्लू-रे संचाकडे. ‘स्ट्रॉम्बोली’ (१९५०), ‘युरोप ५१’ (१९५२) आणि ‘जर्नी टू इटली’ (१९५४). पहिल्या दोन्हींच्या इंग्रजी आणि इटालियन अशा दोन-दोन आवृत्त्या यात आहेत आणि संचाची खरी किंमत त्यातच आहे. त्या काळी इटलीत संवाद बहुतेक नंतर ध्वनिमुद्रित होत, त्यामुळे पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा हे तिथे नित्याचंच. ‘युरोप ५१’च्या इटालियन आवृत्तीत बर्गमनच्या तोंडी दुसऱ्या अभिनेत्रीचा आवाज आहे. तिचा स्वतःचा आवाज हवा तर मेनूत आधी इंग्रजी आवृत्ती निवडा. नंतर हवं तर इटालियन पाहा, ती थोडी लांब आहे.

‘स्ट्रॉम्बोली’ तर इंग्रजीतच पाहावा. करिन ही निर्वासितांच्या छावणीतली लिथुआनियन बाई, छावणीतून सुटायला ती एका मच्छीमाराशी लग्न करते. दोघं तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलतात आणि तिचं बेटावरचं एकटेपण त्या अडखळण्यातच ऐकू येतं. ट्यूना पकडण्याचा प्रसंग खऱ्या कोळ्यांचा आहे: जाळं वर खेचलं जातं, पाणी उसळतं, आकड्यांनी मासे होडीत ओढले जातात आणि अंगावर तुषार घेत करिन बघत राहते. तिथे अभिनय किती आणि खरी दचक किती हे कळत नाही. अमेरिकेत आरकेओ या स्टुडिओने हा चित्रपट ८१ मिनिटांवर आणला होता. इथे इंग्रजी आवृत्ती १०६ मिनिटांची आहे. इंटरनेटवरच्या फुकट प्रती बघताना आधी लांबी पाहा.

‘जर्नी टू इटली’ ८५ मिनिटांचा. नेपल्सच्या संग्रहालयात कॅमेरा भल्यामोठ्या पुतळ्यांभोवती फिरत फिरत तिच्यापर्यंत येतो. तो प्रसंग मोबाइलवर पाहून वाया घालवू नका.

तिन्हींची चौकट १.३७ : १ आहे. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर, त्यातली ९४च्या आसपास चित्र व्यापतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते तसेच राहू द्या. ‘फुल’ किंवा ‘झूम’ केलं की एकतर चेहरे फुगतात, नाहीतर कपाळ कापलं जातं. टीव्हीतली ‘मोशन’ची सोयही बंद करा, नाहीतर जुना चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

स्वीडिश संचात १९३५ ते १९४० मधले सहा चित्रपट आहेत. या मालिकेत पुरवणी साहित्य नसतं, ते गृहीत धरूनच घ्या. ‘इंटरमेझो’ (१९३६) पाहूनच निर्माता सेल्झनिकने तिला हॉलिवूडला नेलं, म्हणून तो महत्त्वाचा. पण आधी लावावा ‘अ वूमन्स फेस’ (१९३८). त्यात ती जळक्या गालाची खंडणीखोर आहे. तो गाल बेढब दिसावा म्हणून तिच्या पहिल्या, दंतवैद्य नवऱ्याने तोंडात आतून बसणारी पट्टी बनवली होती. देखण्या नटीने वयाच्या विशीत असं काम घेणं त्या काळात धाडसाचंच. ‘डॉलर’ सोडला तरी चालेल.

जर्मन बर्गमन दोन्ही संचांत नाही. तिची आई जर्मन, आणि १९३८ मध्ये बर्लिनच्या ‘उफा’ या चित्रसंस्थेसाठी तिने एक चित्रपट केला होता. १९५६ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर ती फ्रेंचमध्ये उभी राहिली, ते तर कुठल्याच डिस्कवर मिळायचं नाही. त्याच सुमारास तिचा दुसरा नवरा रॉसेलिनी भारतात आला, त्याचं सोनाली दासगुप्ताबरोबरचं प्रेमप्रकरण गाजलं आणि हा संसार मोडला.

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा कॉलेजच्या फिल्म क्लबात दाखवायचं असेल तर लक्षात ठेवा, डिस्कचा परवाना घरगुती वापरापुरताच असतो. जाहीर खेळासाठी हक्क असलेल्या वितरकाकडून लेखी परवानगी घ्यावी लागते. सबटायटल इंग्रजीच असल्याने ज्येष्ठ प्रेक्षकांना आधी मराठीत अर्ध्या पानाचं कथानक वाटलं तर बरं पडतं, फक्त शेवट त्यात लिहू नका.

तिसरी खरेदी करायचीच असेल तर ‘ऑटम सोनाटा’ (१९७८). दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा (फक्त आडनाव सारखं, नातं नाही) हा चित्रपट मूळ स्वीडिश आहे आणि डिस्कवर इंग्रजी डबिंगचा पर्यायी ट्रॅकही आहे. रिमोटवरचं ‘ऑडिओ’ बटण चुकून दाबलं जातं, तेव्हा सुरू करण्याआधी मेनूत भाषा स्वीडिश आहे ना, एवढं बघा.