पोर्टेबल मॉनिटर घेताय? '१०८०पी सपोर्ट' वाचून पैसे देऊ नका, मी दिले आणि फसले

मी इंदिरानगरला राहते, अकाउंट्स आणि जीएसटीची कामं करते. आठवड्यातून दोनदा नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला क्लायंटकडे जावं लागतं. एकीकडे टॅली, एकीकडे एक्सेल उघडं लागतं आणि १४ इंची लॅपटॉपवर सारखं इकडून तिकडे करून मान धरते, म्हणून पोर्टेबल मॉनिटर घ्यायचं ठरवलं.

दोन बघून ठेवले होते. एक नावाजलेल्या कंपनीचा, १५.६ इंच, फुल एचडी (म्हणजेच १०८०पी, १९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे ठिपके), आयपीएस पॅनेल, साडेअकरा हजार. दुसरा मोबाईलवर जाहिरात आली होती तो, साइज तीच, किंमत ६,४९९ आणि वर मोठ्ठ्या अक्षरात '४के सपोर्ट, १०८०पी सपोर्ट, एचडीआर'. मला वाटलं हा तर जास्तच देतोय. व्हॉट्सअॅपवर बोलले, माणूस अगदी गोड बोलत होता, आधी पैसे भरले तर ५०० कमी म्हणाला, मी लगेच यूपीआय केलं. इथेच पहिली चूक झाली.

चार दिवसांत पार्सल आलं, केबल लावली, स्क्रीन चालू झाली, रंग बरे वाटले. पण एक्सेल उघडलं की अक्षरं पुसट, ३ आणि ८ सारखेच दिसायचे, मराठीत टाइप केलं की अनुस्वार शेजारच्या मात्रेत मिसळून जायचा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मात्र १९२० बाय १०८० असंच दाखवत होतं, त्यामुळे मशीनवर संशयच आला नाही, मी चष्म्याचा नंबर तपासून आले, तो होता तेवढाच होता. मग एका क्लायंटचं जीएसटीचं टूबी (पोर्टलवर दिसणारी खरेदीच्या बिलांची यादी) मॅच करताना दोन इनव्हॉइस नंबर चुकीचे टाकले गेले, ते शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली, तेव्हा म्हटलं आता हे दाखवायलाच हवं.

एमजी रोडला एक लॅपटॉप रिपेअरवाले दादा आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी आधी पेनड्राइव्हमधून एक चित्र लावलं, एक पिक्सेल काळा एक पांढरा अशा बारीक उभ्या रेघांचं. त्यांच्या दुकानातल्या मॉनिटरवर रेघा स्पष्ट दिसत होत्या, माझ्यावर करड्या पट्ट्या आणि डाग. मग म्हणाले, "ताई, उघडू का? व्हिडिओ काढा तुम्ही, पुढे उपयोगी पडेल." मागचं झाकण निघालं, पॅनेलच्या पाठीवर स्टिकर, त्यावर मॉडेल नंबरात '१५६' आणि पुढे 'डब्ल्यूएचएम'. दादा म्हणाले फुल एचडी असतं तर 'एफएचएम' असतं, हे लॅपटॉपचं १३६६ बाय ७६८ चं पॅनेल आहे, कडेला जुने स्क्रूचे ओरखडेही होते, म्हणजे वापरलेलं असणार. आतला बोर्ड १०८० काय, ४के चा सिग्नलही घेतो आणि दाबून लहान पॅनेलवर बसवतो, लॅपटॉपला मात्र सांगतो की मी १०८० आहे. फुल एचडीत साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, ह्यात साडेदहा लाख. निम्म्या पिक्सेलांवर मी आकडे वाचत बसले होते!

विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "मॅडम, हमने सपोर्ट लिखा है, नेटिव्ह कहाँ लिखा है." आणि ब्लॉक. नेटिव्ह म्हणजे पॅनेलवर खरोखर असलेले पिक्सेल, सपोर्ट म्हणजे नुसता सिग्नल घेता येणं. मला पैशांपेक्षा ह्या उत्तराचा जास्त राग आला, कारण म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, शब्द मुद्दाम तसा निवडला होता.

म्हणून कळकळीने सांगते, घेण्याआधी लेखी विचारा, "पॅनेलचं नेटिव्ह रिझोल्युशन किती?" उत्तर फिरवलं की सोडून द्या. खोक्यावर एमआरपी, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, बघा, तो नंबर बीआयएस केअर अॅपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. माझ्या खोक्यावर ह्यातलं काहीच नव्हतं, मी बघितलंच नव्हतं. आणि आपल्या लॅपटॉपच्या टाइप-सीतून व्हिडिओ बाहेर येतो का तेही आधी तपासा, पुष्कळ लॅपटॉपमध्ये ते पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटाचं असतं, मग एचडीएमआय आणि पॉवरची वेगळी केबल लागते, गाडीत त्याचा फार ताप होतो.

मी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ते मध्यस्थी करतात, आदेश देत नाहीत, आणि माझ्या विक्रेत्याने अजून उत्तरच दिलेलं नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ई-जागृती ह्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो. पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर वेळ न घालवता १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आयोगाचा अर्ज लिहून झालाय. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, उघडतानाचा व्हिडिओ आणि त्या स्टिकरचा फोटो जोडलाय, मॉनिटर आणि खोकं जसंच्या तसं कपाटात ठेवलंय. सोमवारी अर्ज भरतेय. तारीख लागली की इथेच कळवते, आणि अशाच जाहिरातीतून कोणी घेतला असेल तर स्टिकरचा फोटो टाका, आपण मिळून तक्रार करू.