आमदाराकडे काय मागाल: एलएक्यू, ठराव की खाजगी विधेयक?

गोवा विधानसभेचं अधिवेशन जवळ आलं की गावोगावची मंडळी निवेदन घेऊन आमदाराच्या घरी जातात आणि "आमचा विषय पर्वरीला (विधानसभेत) मांडा" एवढंच सांगून परततात. कोणत्या मार्गाने मांडायचा, हे आमदारावर सोडू नका. नगरनियोजन कायद्यात २०२४ साली आलेलं कलम ३९-अ घ्या; त्याखाली जमिनीचा झोन, म्हणजे तिचा ठरलेला वापर, बदलता येतो. गावातल्या भातशेतीचा झोन त्याखाली बदलतोय अशी भीती असेल, तर तीन मार्गांनी तीन वेगळी फळं मिळतात.

एलएक्यूने, म्हणजे आमदाराने विधानसभेत विचारलेल्या प्रश्नाने, माहिती मिळते: कोणते सर्वे नंबर, किती चौरस मीटर, अर्ज कोणाचा. प्रश्न तारांकित असेल तर मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि पुरवणी प्रश्नही विचारता येतात. हे उत्तर ग्रामसभेत आणि कोर्टातही उपयोगी पडतं. प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघम येतं, म्हणून सर्वे नंबर तुम्हीच लिहून द्या. मात्र उत्तराने कायदा बदलत नाही.

शुक्रवारी येणारा खाजगी ठराव, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेला ठराव, वर्तमानपत्रात मोठा दिसतो, पण तो सरकारवर बंधनकारक नसतो. बऱ्याचदा मंत्री आश्वासन देतात आणि ठराव मागे घेतला जातो. निर्णय दिल्लीच्या हातात असेल तिथे मात्र ठरावाला अर्थ आहे. जानेवारी २०२३ मध्ये म्हादई नदीच्या पाण्यासाठी सभागृह एकमुखाने बोललं, ते योग्यच झालं. ३९-अ तर आपल्याच विधानसभेने केलेलं कलम आहे. ते काढा म्हणून ठराव करणं मला अपुरं वाटतं.

कलम रद्द करायचं तर विधेयकच हवं, आणि मंत्री नसलेला आमदार मांडतो ते खाजगी विधेयक. ते मंजूर होण्याची शक्यता फार कमी, हे आधीच जाणून असा. २०२२ मध्ये काँग्रेसचे ८ आमदार भाजपमध्ये गेल्यावर ४० जणांच्या सभागृहात विरोधक ७ उरले. संसदेतही स्वातंत्र्यापासून जेमतेम १४ खाजगी विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० साली. शिवाय सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर राज्यपालांची शिफारस लागते.

तरीही मी विधेयकाच्या बाजूने आहे. मागणी कायद्याच्या भाषेत लिहावी लागते, तेव्हा तिच्यातला कच्चेपणा उघडा पडतो. नकार देताना सरकार जे बोलतं, ते नोंदीवर राहतं. १९८५ मध्ये आमदार लुईझिन फालेरो यांनी कोंकणीला राजभाषा करण्यासाठी खाजगी विधेयक आणलं आणि ते फेटाळलं गेलं. त्यानंतर आंदोलन पेटलं, आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये सरकारनेच राजभाषा कायदा केला. कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी वापरात जागा मिळाली. त्या वादात तुमचं घर कोणत्याही बाजूला असो, पडलेल्या विधेयकाने विषय संपला नाही, एवढं तरी दिसतं.

म्हणून आमदाराने एका अधिवेशनात किती विधेयकं मांडली, याची नुसती मोजदाद करू नका. मसुदा मागून वाचा. आवाजी मतदानावर न थांबता त्याने मतविभागणी (प्रत्येकाचं मत मोजून नोंदणं) मागितली का, हेही विचारा, कारण कोणत्या आमदाराने काय केलं ते तिथेच नोंदलं जातं.

गावाकडे आज आकडे नसतील तर या अधिवेशनाला एलएक्यू मागा. उत्तर हातात आलं की वकिलाकडून मसुदा करून घ्या आणि पुढच्या अधिवेशनाच्या बऱ्याच आधी तो आमदाराकडे पोचवा.