दादरच्या नावाने विकलेली शिळी बिअर

गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझी ताई आणि दाजी पुण्याहून चार दिवसांसाठी जळगावला आले होते. दाजी अन्नतंत्रज्ञान शिकवतात आणि पुण्यातल्या मायक्रोब्रुअरींमध्ये, म्हणजे जागेवरच बिअर तयार करून देणाऱ्या ठिकाणी, मिळणाऱ्या ताज्या बिअरची त्यांना चांगली पारख आहे. आमचे घर मूळचे रावेर तालुक्यातले, केळीच्या बागांचे. त्यामुळे पाहुण्यांना आपल्या भागातले काही वेगळे दाखवावे ही माझी इच्छा होती. नेमकी त्याच दिवसांत महामार्गालगतच्या एका हॉटेलची जाहिरात माझ्या फोनवर आली. 'खान्देशच्या मातीतली क्राफ्ट बिअर, चुलीवरच्या जेवणासह' असा तिचा मथळा होता. खाली बिअरची तीन नावे होती : दादर एल (एल हा बिअरचा एक प्रकार), केळी व्हीट (गव्हाची बिअर) आणि मोह स्टाऊट (काळी बिअर). त्या एका संध्याकाळी आमची जी फसवणूक झाली ती इतर कोणाची होऊ नये, म्हणून जे घडले ते क्रमाने आणि आकड्यांसह लिहीत आहे.

मी का फसलो हे आधी सांगणे आवश्यक आहे. दादर ही आमच्याकडची रब्बीची ज्वारी. तापी, गिरणा, पांझरेच्या काळ्या जमिनीत, जमिनीतल्या ओलीवर ती पिकते आणि तिच्या भाकरीची चव खान्देशी माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. बिअर मुख्यत्वे सातूला मोड आणून, ते वाळवून केलेल्या माल्टपासून बनते. पण मोड आणलेल्या ज्वारीपासूनही बिअर होते आणि आफ्रिकेत ती फार पूर्वीपासून करतात. म्हणजे दादरची बिअर ही अशक्य कोटीतली गोष्ट नव्हती. ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या केळीपासून कोणी काही नवे करत असेल, तर शेतकऱ्याच्या मुलाला त्याचे अप्रूप वाटणारच. ते अप्रूप मनात घेऊनच मी गेलो आणि जे प्रश्न दारातच विचारायला हवे होते ते विचारले नाहीत.

आम्ही पाच जण होतो. भाचा गाडी चालवणार असल्याने तो पिणार नव्हता. चौघांनी चाखायचे ठरवले. एका लाकडी फळीवर प्रत्येकी १५० मिलिलीटरचे तीन पेले, एका फळीचा दर ६५० रुपये, अशा चार फळ्या. वेटरने सुरुवातीलाच आग्रह धरला की, मोठे ग्लासही आत्ताच सांगून ठेवा, माल ताजा आणि थोडाच असतो, नंतर मिळणार नाही. त्या घाईला बळी पडून आम्ही प्रत्येकी ४५० रुपयांचे चार मोठे ग्लासही लगेच सांगितले. एका चवीवरून पसंती ठरवण्यासाठीच तर आधी लहान पेले देण्याची पद्धत आहे. त्याआधीच मोठ्या ग्लासांची मागणी नोंदवून घेणारा माणूस आपल्याला चव घेऊन नकार देण्याची संधीच ठेवत नाही, हे मला तेव्हा उमगले नाही.

पहिली शंका दाजींना आली ती केळी व्हीटचा पेला उजेडात धरल्यावर. गव्हाची बिअर गढूळ असते, कारण गव्हातली प्रथिने आणि न गाळलेले यीस्ट तिच्यात तरंगत राहते. आमच्या हातातली बिअर इतकी नितळ होती की पेल्यापलीकडे मेनूकार्डावरची अक्षरे वाचता येत होती. दुसरी गोष्ट वासाची. दाजींनी समजावून सांगितले की, जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळीचा मंद वास असतोच, पण तो केळीतून येत नाही; आंबवताना ठरावीक जातीचे यीस्ट जे सुगंधी द्रव्य तयार करते त्याचा तो वास असतो. आमच्या पेल्यातून येणारा वास मात्र लहान मुलांच्या औषधाचा होता, बाजारात मिळणाऱ्या इसेन्सचा. पिकल्या केळीच्या घडाजवळ ज्याचे बालपण गेले, त्याला हा फरक डोळे मिटूनही कळतो. मोह स्टाऊटचा पेला संपत आला तेव्हा तळाशी तपकिरी गाळ दिसला. मी तो बोटावर घेतला, दोन बोटांत चोळला आणि जिभेवर ठेवला. ती झटपट कॉफीची न विरघळलेली पूड होती. स्टाऊटचा काळा रंग भाजलेल्या माल्टमधून येतो, तो वरून घालावा लागत नाही. दादर एलमध्ये तर काही मिसळण्याचेही कष्ट घेतलेले नव्हते. तिला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी एक उतरती चव होती, जी बिअर फार काळ पडून राहिली की हवेशी संयोग होऊन येते, असे दाजी म्हणाले.

मी वेटरला बिअर तयार करण्याची टाकी दाखवण्याची विनंती केली. मायक्रोब्रुअरीत ही टाकी ग्राहकाच्या नजरेसमोर, बहुधा काचेमागे असते, कारण त्याच जागी बिअर करून तिथेच ती नळाने देणे हाच त्या परवान्याचा अर्थ आहे. उत्तर मिळाले की टाकी दुसरीकडे आहे आणि स्वच्छतेच्या कारणासाठी कोणाला आत नेत नाहीत.

एवढ्यात जेवण आले. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे भरीतपार्ट्यांचा महिना. भरिताचे वांगे हिरवट, मोठे, कमी बियांचे असते. ते कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात, लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचतात आणि कांद्याची पात, शेंगदाणे घालून कळण्याच्या पुरीबरोबर खातात. ताटात आलेले भरीत जांभळ्या वांग्याचे, बियांनी भरलेले होते, त्यात टोमॅटो होता आणि धुराचा वास शोधूनही सापडत नव्हता. कळण्याची म्हणून दिलेली पुरी साध्या गव्हाची होती. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद; ती पुरी कधीच अशी पांढुरकी नसते. शेवभाजी तेवढी बरी होती. जेवणाविषयी माझी तक्रार कायद्याच्या भाषेत फार मोठी नाही, पण चुलीवरचे म्हणून प्रत्येक पदार्थाला दीडपट दर लावलेला होता आणि त्या इमारतीत मला चूल कुठेही दिसली नाही.

ताई हात धुण्यासाठी मागे गेली आणि परत येऊन तिने मला एवढेच म्हटले, "तू एकदा मागे जाऊन ये." स्वच्छतागृहाच्या पलीकडे पाण्याच्या टाकीजवळ पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसून तपकिरी बाटल्या उघडत होता आणि लग्नकार्यात पाण्यासाठी ठेवतात तशा नळाच्या स्टीलच्या पिंपात त्या रिकाम्या करत होता. शेजारी बर्फाची पाटी, कॉफीचा डबा आणि इसेन्सच्या दोन लहान बाटल्या होत्या. ६५० मिलिलीटरच्या त्या बाटल्या एका मोठ्या कारखान्याच्या, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या बिअरच्या होत्या. मी रिकामी झालेली एक उचलून लेबल पाहिले. बाटलीबंद बिअरवर उत्पादनाची तारीख आणि ती किती महिन्यांत प्यावी याची मुदत छापलेली असते. ती मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. क्रेटमधल्या आणखी तीन बाटल्या पाहिल्या, त्यांचीही तीच स्थिती. म्हणजे ज्या मालाला दुकानात गिऱ्हाईक मिळाले नसते, तो रंग आणि वास घालून आमच्या मातीच्या नावावर तिप्पट-चौपट भावाने खपवला जात होता. मी लेबलांची, पिंपाची आणि डब्यांची छायाचित्रे घेतली. त्या मुलाचे छायाचित्र घेतले नाही, कारण तो पोटासाठी सांगितले ते काम करत होता. मात्र दारू हाताळण्याच्या कामाला त्या वयाचे पोर बसवणे हा त्या हॉटेलचा आणखी एक अपराध आहे आणि तो मी तक्रारीत स्वतंत्रपणे नोंदवला आहे.

जागेवर परतलो तेव्हा मोठे ग्लास आलेले होते. माझ्या ग्लासात आतल्या काठाला, फेस खाली बसल्यावर, नखाएवढा एक चंदेरी कपटा चिकटलेला दिसला. बाटलीच्या मानेवर जो चकचकीत कागद असतो त्याचा तो तुकडा होता आणि त्यावर दोन अर्धी अक्षरे स्पष्ट वाचता येत होती. तो मी हातरुमालात घडी करून ठेवला.

मॅनेजरला बोलावून मी सर्व सांगितले आणि छायाचित्रे दाखवली. त्याने नाकारले नाही. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आपल्याच भागातले. बाहेरचे लोक येतात, आपल्या खान्देशचं नाव होतं. तुम्हीच असं केलं तर कसं?" त्या संध्याकाळी मला सर्वांत जास्त संताप आला तो या वाक्याचा. दादर पिकवणारा शेतकरी, भरिताची वांगी लावणारी आसोदा-बामणोदची माणसे, मोहाची फुले वेचणारे सातपुड्यातले आदिवासी, यांपैकी एकाच्याही पदरात त्या बिअरचा एक रुपया पडलेला नव्हता. नाव त्यांचे आणि माल गोदामात सडलेला, असा तो व्यवहार होता.

त्यानंतर बिल आले. बिअरचे ४,४०० रुपये आणि जेवणाचे ३,१८० रुपये, मिळून ७,५८०. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क ७५८ रुपये, या सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणून सुमारे १,५०१ रुपये आणि वर बिअरवर दहा टक्के व्हॅट ४४० रुपये. एकूण १०,२७९ रुपये. हे प्रत्येक कलम नीट पाहण्यासारखे आहे. पिण्याचे मद्य जीएसटीच्या कक्षेतच येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे बिअरवर जीएसटी आणि व्हॅट दोन्ही लावणे सरळ चुकीचे आहे. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी पाच टक्के असतो. अठरा टक्के दर महागड्या खोल्यांच्या मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटांना लागू होतो आणि या ठिकाणी राहण्याची सोयच नव्हती. सेवाशुल्क बिलात परस्पर जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. बिअर खरी आहे असे क्षणभर मानले, तरीही योग्य रक्कम ८,१७९ रुपये होते. म्हणजे केवळ बेरजेतून आमच्याकडून २,१०० रुपये जास्त मागितले जात होते.

त्याहून गंभीर बाब अशी की ते मुळात बिलच नव्हते. कागदाच्या माथ्यावर 'एस्टिमेट' असे छापलेले होते. पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक, जो महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो, तो त्यावर नव्हता. खाद्यपरवान्याचा चौदा अंकी क्रमांकही नव्हता. पैसे भरण्यासाठी पुढे केलेला क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा हॉटेलचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. जो कर सरकारला भरायचाच नाही तो ग्राहकाकडून घ्यायचा, असा याचा सरळ अर्थ आहे. मी पक्के बिल मागितले. प्रिंटर बिघडला आहे, असे सांगण्यात आले. भिंतीवर मद्यपरवाना दाखवा म्हटले, तेव्हा परमिट रूमचा एफएल-३ परवाना दाखवला गेला. या परवान्यावर मद्य विकता येते, बिअर तयार करता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो त्यांच्याकडे नव्हता. जाहिरातीतला प्रत्येक शब्द खोटा असल्याचे भिंतीवरच्या त्या चौकटीतच लिहिलेले होते. दारातून आत येतानाच मी ती वाचली असती, तर पुढचे काही घडले नसते.

दोन तास वाद घालून सेवाशुल्क आणि जीएसटी कमी करण्यात आला. रात्रीचे अकरा वाजले होते, ताईला बरे वाटत नव्हते, म्हणून उरलेली रक्कम मी भरली; पण रोख न देता मुद्दाम त्याच क्यूआर कोडवर भरली, म्हणजे ती कोणाच्या खात्यात गेली याची नोंद राहील. त्या कच्च्या कागदावर मॅनेजरकडून 'पैसे मिळाले' असे लिहून घेऊन सही घेतली.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. मुदत संपलेल्या मालाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे आणि बिअरच्या खोट्या दाव्याबद्दल जळगावच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला, त्याला छायाचित्रे, कच्चे बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि जाहिरातीची प्रत जोडली. जाहिरातीचे चित्र मी त्याच रात्री जपून ठेवले होते ते उपयोगी पडले, कारण दोन दिवसांनी ती फोनवरून नाहीशी झाली. चंदेरी कपटा पाकिटात बंद करून, त्यावर तारीख घालून माझ्याकडे ठेवला आहे.

आठवड्याने हॉटेलमधून फोन आला. सहकुटुंब एकदा जेवायला या, पैसे घेणार नाही, तेवढी तक्रार मागे घ्या, असे सांगण्यात आले. मी पक्के बिल पाठवा म्हणालो. ते अजून आलेले नाही. महामार्गावरचा फलक मात्र मी परवा पाहिला. त्यावरची तिन्ही बिअरची नावे तशीच आहेत आणि शेजारी दादरच्या कणसाचे मोठे चित्र नव्याने लावलेले आहे.