अ‍ॅम्बॅसिडरचा कॅमशाफ्ट: माल चोख, सल्ला चुकीचा

आमची १९७८ची मार्क थ्री. वडिलांनी हौसेनं घेतलेली, आता माझ्या गळ्यात. दिवाळीपासून साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट चढताना कार्बोरेटरमधून फटफट करायची आणि जीव टाकायची. प्लग, पॉइंट, कार्बोरेटर, सगळं करून झालं. शेवटी मिस्त्रींनी वरचं झाकण काढून इंजिन हातानं फिरवलं, तर चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाकीच्यांच्या निम्मासुद्धा उघडेना. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा; त्यावरचा उंचवटा, म्हणजे लोब, झिजून गुळगुळीत झालेला.

हे १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन, एमजी गाड्यांच्या भाऊबंदांतलं. त्यामुळे "रेसिंग कॅम टाक" म्हणणारे भेटतातच. पण तसला कॅम वरच्या आरपीएमला जोर देतो आणि खालचा काढून घेतो. मला पोवई नाक्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर रांगायचं असतं. स्टँडर्डच घेतला.

पुण्यातल्या एका दुकानातून मागवला. माल खरंच चांगला. तेलकट कागदात गुंडाळलेला, लोबवर काळपट थर. व्हर्नियर लावून आठही लोब मोजले. इनलेटचे चारही सारखे, एक्झॉस्टचेही. डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या गिअरचे दातही स्वच्छ.

दुकानदाराला मात्र पाचपैकी दोनच. टॅपेट (लोबवर टेकून व्हॉल्व्हकडे धक्का पोचवणारे तुकडे) मागितले तर फोनवर म्हणतो, "जुनेच घाला हो, सगळे तेच घालतात." मिस्त्रींनी दोन जुने टॅपेट तळाला तळ लावून माझ्यासमोर धरले. जरासुद्धा हलेनात. नव्या टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो, म्हणून जोडी डुगडुगते. ते सपाट झालेले टॅपेट नव्या कॅमवर घातले असते, तर काही दिवसांत त्यांनी तोही खाल्ला असता. नवे आठ वेगळे मागवले, त्यात आठवडा गेला. तोवर गाडी रेडिएटर-जाळी काढून बोळकं तोंड घेऊन शेडमध्ये.

लोबला मॉलीची (मॉलिब्डेनमची) वंगण पेस्ट, झिंकवालं २०डब्ल्यू-५० ऑइल, टायमिंगच्या खुणा समोरासमोर. सुरू झाल्यावर आयडलला सोडायची नाही, वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवायची, नाहीतर नवा लोब तिथेच जातो. अर्ध्यात शेजारच्या काकू गॅलरीत आल्या, "अहो, बंद होत नाहीये का?"

परवा चौघं बसून यवतेश्वरला गेलो. फटफट नाही, आणि पहिला गिअर एकदाच लागला, तोही वाटेत म्हैस आडवी आली म्हणून.