तेर-नळदुर्ग की उदगीर-कंधार?

लातूरहून शनिवार-रविवारी गाडी काढायची, तर पश्चिमेला तेर-नळदुर्ग गाठावे की पूर्वेला उदगीर-कंधार, असा पेच एका स्नेह्यांना पडला आहे.

वैविध्य पश्चिमेला अधिक. तेर म्हणजे रोमशी व्यापार असलेले प्राचीन तगर; तेथील विटांचे त्रिविक्रम मंदिर, गोरोबाकाकांची समाधी आणि परिसरातील प्राचीन वस्तू जपणारे लामतुरे संग्रहालय हे सारे एकाच गावात पाहून होते. नळदुर्गात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधलेला आहे आणि नदी भरली की त्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात. मात्र उन्हाळ्यात ते दिसत नाहीत, आणि पावसाळ्यातील रविवारी गर्दी सोसावी लागते.

पूर्वेला दोन्ही दिवस किल्लेच. उदगीरला 1760 मध्ये मराठ्यांनी निजामाला नमवले. कंधारचा राष्ट्रकूटकालीन वारसा सांगणारा किल्ला खंदकासह निवांत पाहता येतो, आणि हा निवांतपणा मला तरी धबधब्याहून मोलाचा वाटतो.

चढण कोठेच फारशी नाही, कारण तिन्ही किल्ले भुईकोट आहेत. मुक्कामासाठी तुळजापुरात भरपूर सोय आहे, फक्त नवरात्र टाळावे. पूर्वेला उदगीर शहरातच राहणे सोयीचे. नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद महामार्गावर असल्याने जेवणाची चिंता नसते, तर कंधारच्या वाटेवर भाकरी आणि पाणी सोबत असलेले बरे.

लहान मुले, वडीलधारी मंडळी किंवा पहिलीच सहल असेल, तर पावसाळ्याच्या अखेरीस तेर-नळदुर्ग निवडावे. इतिहासाची ओढ असलेल्या दोघा-तिघांनी हिवाळ्यात उदगीर-कंधारला जावे.