जुन्या लॅपटॉपला आधी काय, रॅम की एसएसडी?

जुना लॅपटॉप रखडायला लागला की सल्ले दोनच मिळतात. रॅम वाढव, नाहीतर हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर फाइली साठवणारी डिस्क, टाक. दोन्ही जमत असेल तर प्रश्नच मिटला. मी आधी रॅम घेतली आणि आठेक महिन्यांनी एसएसडी. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

गोंधळ बराचसा 'मेमरी' या शब्दाचा आहे. फोनची मेमरी भरली म्हणतो तेव्हा आपल्याला साठवणुकीची जागा म्हणायची असते. लॅपटॉपची मेमरी म्हणजे मात्र रॅम, चालू काम पसरायची जागा. मशीन बंद झालं की ती रिकामी. फाइली मुक्कामाला असतात त्या डिस्कवर. त्यामुळे 'मशीन हळू झालंय, मेमरी वाढव' हे ऐकताक्षणी पटतं. मलाही पटलं.

४ जीबीची ८ जीबी केली. फरक पडला, नाही कशाला म्हणू? ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडे असताना मागच्या टॅबवर गेलं की पान पुन्हा लोड व्हायचं, ते थांबलं. पण सकाळी मशीन सुरू करताना जैसे थे. डेस्कटॉप दिसायचा, माउसचा बाणही हलायचा, पण कशावरही क्लिक करा, निळं वर्तुळ आपलं फिरतंय. डिस्कचा दिवा न लुकलुकता सलग पेटलेला आणि तळहाताखाली तिची बारीक करकर. एकदा त्या करकरीतच टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कशाचा किती वापर चाललाय ते दाखवणारी विंडोजची खिडकी. मेमरी ४० टक्के, डिस्क १०० टक्के. पैसे घालून वाढवलेली रॅम निम्मीही वापरात नव्हती, आणि सगळा खोळंबा डिस्कपाशी होता. माझा निर्णय त्या दोन आकड्यांनी झाला.

कारण साधं आहे. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे, आणि वाचणारं हेड दर वेळी योग्य जागी सरकावं लागतं. एका शोधाला ढोबळमानाने १० ते १५ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभरही जेमतेम, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. एसएसडीत सरकणारं काही नाहीच. जुन्या लॅपटॉपचं डिस्क जोडायचं साटा कनेक्शन सेकंदाला ६०० एमबीच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणून हिरमुसू नका. जाणवतो तो फरक शोधाच्या वेळातला. मी घड्याळ लावून मोजलं नाही, पण आता बटण दाबून खुर्ची ओढेपर्यंत लॉगिनची चौकट समोर असते.

रॅमची बाजूही खरी आहे. व्हिडिओ एडिटिंग, अवाढव्य एक्सेल शीट, व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालवलेला दुसरा संगणक) असं काम असेल आणि मेमरीचा आकडा सतत नव्वदीत असेल, तर आधी रॅमच घ्यावी. तरी एक लक्षात घ्या. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर ठेवते. ती डिस्क एसएसडी असेल तर हा प्रकार निदान सहन होतो.

घेण्यापूर्वी मागचं झाकण उघडून बघा किंवा मॉडेलची माहिती काढा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे विषयच संपला. रॅमची पिढीही बघा, डीडीआर३च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. अडीच इंची एसएसडी मात्र जुन्या डिस्कच्याच जागी बसते. तिच्यावरून डिलीट झालेली फाइल परत मिळणं फार अवघड असतं, तेव्हा बॅकअप हवाच.

माझी जुनी डिस्क मी यूएसबी केसमध्ये घालून त्याच कामाला लावली आहे. आठवड्यातून एकदा जोडतो, कॉपी लावून उठतो. तिथे तिची करकर खटकत नाही.